हृदयक्रिया बंद पडल्याने

'हृदयक्रिया बंद पडल्याने निधन' हे शब्द आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. तसे पाहिले तर ते कोणत्याही मृत्यूला लागू पडतील. वैद्यकशास्त्रात मात्र हृदयक्रिया अचानक बंद पडणे ही वेगळी घटना आहे. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी धमनी तुंबते. रोगी बहुधा शुद्धीवर असतो, दुखते म्हणून सांगू शकतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा बिघाड बहुधा हृदयातील विद्युत्‌संदेशांचा असतो. स्नायूतंतू एका तालात आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. झटक्यातूनही हे घडू शकते. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. काहीच मदत न मिळाल्यास वाचण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

यावरचा इलाज आधी शस्त्रक्रियागृहापुरताच होता. 1947 साली अमेरिकेत क्लॉड बेक यांनी चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयाला विजेचा धक्का देऊन ते पुन्हा चालू केले. 1956 मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून धक्का देऊन दाखवला. पण यंत्र जवळ नसेल तर?

त्याचे उत्तर आले ते एका विद्युत अभियंत्याच्या प्रयोगशाळेतून. तारांवर काम करणारे कामगार विजेच्या धक्क्याने मरत, म्हणून बाल्टिमोरचे विल्यम कौवेनहोवन या विषयाकडे वळले होते. 1958 साली त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आले, की यंत्राच्या जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्तदाब चढतो. शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह त्यांनी जुलै 1960 मध्ये छाती दाबण्याची पद्धत प्रसिद्ध केली. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचे होते. पुढे 1966 मध्ये बेलफास्टला फ्रँक पँट्रिज यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे यंत्र रुग्णवाहिकेत बसवले. सुमारे 70 किलोचे ते धूड घेऊन डॉक्टरच रोग्याच्या दारी जाऊ लागले.

आता कामठ्याला येऊ. 1818 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या चिमणा पटेलाचे हे गाव आज गोंदिया तालुक्यात, धानाच्या पट्ट्यात आहे. गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2016 साली सुरू झाले. '108' क्रमांकाची सेवा राज्यात 2014 साली 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि ग्रामीण भागात 30 मिनिटांत पोचण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. बाळंतीण किंवा अपघातग्रस्त यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. पण धानाच्या बांधीत कोसळलेल्या शेतकऱ्यासाठी वरचा हिशेब मांडून पाहा: गाडी अगदी वेळेवर आली तरी दहाव्या-बाराव्या मिनिटालाच सारे संपलेले असते.

पैशाचीही गोष्ट अशीच. 1997 मध्ये राज्यात जीवनदायी योजना आली. 2012 साली राजीव गांधी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा गडचिरोली त्यात होता; गोंदियाची पाळी नोव्हेंबर 2013 मध्ये आली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या आजच्या योजनेत ते पाच लाखांपर्यंत गेले आहे. या पैशांनी अनेक घरांच्या जमिनी वाचल्या असतील, यात शंका नाही. मात्र या योजना रुग्णालयाचे बिल भरतात. जो रुग्णालयापर्यंत पोचलाच नाही त्याचे बिल होत नाही, आणि खर्चाच्या कोणत्याच तक्त्यात तो दिसत नाही. कर्ता गेला तरी पीककर्ज राहते, मजूर लावावे लागतात, मुलाची शाळा सुटते. आमच्या मते आर्थिक भाराचा मोठा भाग या न झालेल्या बिलांतच आहे. शिवाय घरी झालेल्या मृत्यूचे वैद्यकीय कारण खेड्यात क्वचितच तपासले जाते. त्यामुळे असे मृत्यू नेमके किती, हेही नीट मोजता येत नाही.

भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये सामान्य माणसासाठी सोपी पद्धत सांगितली. तोंडाने श्वास देण्याची गरज नाही. छातीच्या मधल्या हाडावर तळहाताची टाच ठेवून सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला 120 वेळा दाबायचे. नुसत्या दाबाने हृदय बहुधा आपोआप चालू होत नाही, पण धक्का देणारे यंत्र येईपर्यंत मेंदूला थोडे रक्त मिळत राहते. दोन मिनिटांत हात थकतात, म्हणून माणूस बदलावा लागतो. तीस मिनिटे म्हणजे पंधरा पाळ्या. दहावीच्या एका वर्गात त्याहून जास्त मुले असतात.