कळंबची हिऱ्याची खाण

तवारीख-ए-फरिश्ता शाळेच्या कपाटात असणे ही फार मोठी गोष्ट नव्हे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने तिचा उर्दू तर्जुमा फार पूर्वीच छापून ठेवला आहे. पण तिच्यातील एक ओळ कळंबच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवली तर काय होते, हे मला तीन वर्षांपूर्वी कळले. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने माहूरच्या मोहिमेनंतर कलम घेतले आणि तेथे, गोंडवनाच्या ताब्यातील मुलखात, हिऱ्यांची खाण त्याच्या हाती आली, असा त्या ओळीचा आशय. साल इ. स. १४२५ च्या आसपासचे. मागच्या बाकावरचा एक मुलगा ताडकन उठला. "सर, वो खान हमारे खेत के पीछे है!"

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. बी. एड. करताना 'परिसर अभ्यास' या विषयावर पाठ घेतले होते, पण आपला परिसर बहमनी तवारिखेत सापडेल असे तेव्हा कोणी सांगितले नव्हते. पुस्तकात बिदर, गुलबर्गा, विजापूर असतात. कळंब म्हटले की लोकांना चिंतामणीचे देऊळ आठवते, आणि २०२४ साली वर्ध्याहून आलेली रेल्वे. म्हणून मलाही मोह झाला. खाण शोधायची असे ठरवले.

पैसे नव्हते. पत्र्याच्या एका डब्यात मी एक हजार रुपये ठेवले आणि त्यातच भागवायचे ठरवले. त्यातून झेरॉक्स, एक भिंग, मापाची टेप, यवतमाळला जाण्या-येण्याचे बसभाडे इतके निघाले. बाकी पुष्कळसे आज फुकट मिळते. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे २०१७ पासून नागरिकांना विनामूल्य उतरवून घेता येतात, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे खडकांचे नकाशे संगणकावर पाहता येतात, जुनी गॅझेटियर्सही घरबसल्या वाचता येतात. कुदळ-फावडे मात्र आम्ही नेले नाही. जुन्या जागेत परवानगीशिवाय खोदणे गुन्हा आहे, आणि जुन्या खड्ड्यात उतरणे त्याहून वाईट. हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावले.

आधी नाव तपासले. फारसीत कळंब 'काफ, लाम, मीम' असे लिहिलेले आहे. जेर-जबर नसल्यामुळे ते कलम, कुलुम, कलिम कसेही वाचता येते. ब्रिग्जने १८२९ च्या इंग्रजी भाषांतरात 'कुल्लम' केले. फारसीत याच अक्षरांचा अर्थ 'कोबी' असाही होतो. ते सांगितल्यावर पुढची दहा मिनिटे वर्गाला हसू आवरेना. पण माहूर, मग कलम, मग एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हा सुलतानाचा मार्ग नकाशावर मांडला की दुसरे कोणते गाव बसत नाही. एलिचपुरास तो वर्षभर राहिला, गाविलगड उभारला, नरनाळा दुरुस्त केला. गाव आपलेच. प्रश्न खाणीचा.

एका रविवारी पाच मुलांना घेऊन त्या शेतामागे गेलो. खड्डा होता, आणि मोठा होता. टेपने मोजला तर लांबी एकोणीस पावले भरली (टेप मध्येच तुटली, म्हणून पावले). तळाशी पावसाचे पाणी, कडेला बाभळी. मुलांनी चमकणारे पांढरे खडे वेचले आणि बाटलीच्या काचेवर ओढून पाहिले. काचेवर रेघ उठली तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते. मला त्यांना सांगावे लागले की काच गारगोटीनेही कापली जाते. हिराच असेल तर तो गारगोटीवरही ओरखडा काढेल. एकाही खड्याने काढला नाही.

मग शेजारच्या वस्तीतील एका वृद्ध वडारचाचांना बोलावले. त्यांनी आयुष्यभर घण आणि छिन्नी चालवलेली. त्यांनी कडेच्या दगडावर बोट फिरवून ओळीने पाडलेली भोके दाखवली. "इथं पाचर ठोकली हाय सर. ही खाण नाही, खदान हाय. बांधकामाचा दगड काढला इथून." म्हाताऱ्याच्या त्या एका वाक्याने माझी अर्धी तवारीख कोसळली.

खडकांच्या नकाशानेही तेच सांगितले. कळंबच्या खाली दख्खनचा काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा. रेल्वेसाठी कापलेल्या टेकडीत तो कोणालाही दिसतो. त्याच्या पोकळ्यांत गारगोटीसारखे सुंदर स्फटिक बनतात, हिरा बनत नाही. हिरा पृथ्वीच्या फार खोल पोटातून किंबर्लाइटसारख्या वेगळ्याच खडकातून वर येतो, जसा पन्न्याजवळ मझगवाँला. किंवा अशा खडकांची झीज होऊन नदीच्या वाळू-मुरुमात जाऊन बसतो.

मग फरिश्ता खोटे लिहितो का? तो विजापुरात बसून घटनेनंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी लिहीत होता, ही गोष्ट विसरू नये. पण उत्तर मला दुसऱ्या पुस्तकात सापडले. १५९६ साली वऱ्हाड अकबराकडे आले आणि कळंब हे त्या सुभ्यातील एका सरकारचे ठाणे झाले. अबुल फजल आईन-ए-अकबरीत लिहितो की कलम जुने, महत्त्वाचे शहर असून तेथील म्हशी चांगल्या असतात. (म्हशींबद्दल आजही कोणी वाद घालणार नाही.) आणि त्याला लागूनच तो चांद्याच्या बाबजी या गोंड राजाविषयी सांगतो: बैरागढ त्याच्या अमलात आहे, तेथे हिऱ्यांची खाण आहे, ते त्याने नुकतेच दुसऱ्या जमीनदाराकडून घेतले, आणि त्या बाजूला रानटी हत्ती पुष्कळ.

बैरागढ म्हणजे आजचे गडचिरोली जिल्ह्यातील, आरमोरीजवळचे वैरागड. कळंबपासून सरळ रेषेत सुमारे १८० किलोमीटर पूर्वेला. तेथला खडक आपल्या काळ्या पाषाणाहून कितीतरी प्राचीन. सती नदीकाठच्या लालसर मुरुमातील जुन्या खड्ड्यांची नोंद एकोणिसाव्या शतकातील इंग्रज भूशास्त्रज्ञांनी केलेली आहे. तोपर्यंत काम बंद पडले होते. त्याहून जुना पुरावा चोळांचा. पहिल्या कुलोत्तुंगाच्या, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकाच्या शिलालेखांत 'वयिरागरम' येथे हत्ती पकडल्याचा उल्लेख येतो. अभ्यासकांनी ते वज्राकर, म्हणजे हिऱ्याची खाण, आणि तेच वैरागड मानले आहे. तमिळ लेखातही हत्ती आणि फारसी ग्रंथातही हत्ती, मध्ये पाचशे वर्षे. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

गोवळकोंड्याच्या हिऱ्याचे तसेच आहे. किल्ल्यात हिरा कधी निघाला नाही. खाणी दूर कृष्णेच्या खोऱ्यात कोल्लूरला, नाव मात्र बाजाराचे आणि सत्तेचे. आपल्याकडे वरूडची संत्री 'नागपुरी' म्हणून विकतात, तेच. माझ्या मते 'कलमची खाण' म्हणजे कलमच्या बाजूच्या गोंड मुलखातील खाण. पण हा तर्क आहे. सर वुल्झली हेग यांनी या खाणीची जागा ओळखता येत नाही असेच नमूद केले आहे, आणि अहमदशहाचे सैन्य वैनगंगेपर्यंत गेले होते असे फरिश्ता कोठेही म्हणत नाही.

आणखी एक. त्याच मजकुरात, खाणीच्या उल्लेखाला लागूनच, सुलतानाने देवळे पाडून त्या जागी मशिदी बांधल्याचेही लिहिले आहे. पहिल्या दिवशी वर्गात मी तेवढे गाळून वाचले होते. तवारीखकार आपल्या सुलतानाची अशी कामे फुगवूनही लिहीत, हे खरे. पण हिरा घ्यायचा आणि बाकीचे सोडायचे, असे करता येत नाही. त्यात ज्यांचा मुलूख गेला त्या गोंडांची बाजू कोणत्याच तवारिखेत नाही. पुढल्या आठवड्यात मी तो मजकूर पुन्हा, पूर्ण वाचला. मुले गप्प होती. मग एकीने विचारले, "सर, मग गोंड राजाचं नाव काय होतं?" फरिश्त्याने ते दिलेले नाही.

गोष्ट येथे संपली असती तर बरे. पण 'खाण' हा शब्द गावात पोचला होता. पावसाळ्यानंतर त्या खड्ड्याच्या तळाशी रात्री कोणीतरी खोदल्याचे आढळले. लिंबू, कुंकू, विझलेली उदबत्ती, आणि कडेचा खचलेला मुरूम. गुप्तधनाच्या नादाने विदर्भात काय काय झाले आहे, ते सांगायला नको. कोणाला इजा झाली नाही, एवढेच नशीब. पण हे माझ्या तोंडून निघालेल्या एका ओळीमुळे झाले होते. शेताच्या मालकाने माझ्याशी महिनाभर बोलणे टाकले.

त्यानंतर मुलांनी एक मोठा कागद लिहिला, उर्दूत आणि मराठीत: ही दगडाची खदान आहे, खडक कोणता, पाचरीच्या खुणा कोठे, हिरा येथे का नाही. वडारचाचांना तो वाचून दाखवला. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली, भोके छिन्नीने पाडतात, पाचर नंतर. ती केली. कागद चौकातल्या किराणा दुकानाच्या दारावर लावला आहे.

डब्यात अजून दोनशे सत्तर रुपये शिल्लक आहेत. आरमोरीपर्यंत एकाचेही जाणे-येणे त्यात होत नाही, आणि यायला पाचही जण तयार आहेत.