तबकडी-संच नियंत्रक
अनेक चुंबकीय तबकड्या एकत्र जोडून त्या संगणकास एकाच मोठ्या तबकडीसारख्या वापरता येतील अशी व्यवस्था करणाऱ्या इलेक्ट्रॉनीय मंडलाच्या कार्डास तबकडी-संच नियंत्रक म्हणतात. डेटाबेस चालविणाऱ्या संगणकात त्याचे महत्त्व विशेष असते. कारण व्यवहार पूर्ण झाल्याचे उत्तर एकदा दिल्यावर ती नोंद नाहीशी होणे हे खातेवहीतील ओळ पुसली जाण्यासारखेच आहे.

तबकडीचा व्यापारी उपयोग आयबीएमच्या रॅमॅक (१९५६) या यंत्रापासून सुरू झाला. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या असून त्यांवर ५० लाख वर्ण मावत. पुढे दीर्घकाळ एकच मोठे व महाग एकक वापरण्याकडे कल राहिला. तथापि टँडेम कंपनीच्या नॉनस्टॉप संगणकांत प्रत्येक नोंद दोन तबकड्यांवर करण्याची सोय होती, तर निकामी एककातील माहिती उरलेल्या एककांवरून परत मिळविण्याच्या पद्धतीचे एकस्व आयबीएममधील नॉर्मन के. आउची यांना १९७८ मध्ये मिळाले.

या विचारांना शास्त्रीय चौकट व ‘रेड’ हे नाव दिले ते कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी, १९८८ च्या निबंधात. त्यांचे गणित साधे होते. एक स्वस्त तबकडी सरासरी ३०,००० तास टिकते असे धरल्यास १०० तबकड्यांच्या संचात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवडे पुरे होण्याआधीच, एखादी बिघडणार. यावर उपाय म्हणून त्यांनी जादा माहिती साठविण्याचे पाच स्तर सांगितले. पाचव्या स्तरात निरनिराळ्या तबकड्यांवरील समस्थानीय बिटांची बेरीज सम की विषम हे नोंदवितात व ही समता-माहिती सर्व तबकड्यांवर विखुरतात. हरवलेला बिट तीवरून काढता येतो.

यात एक मोठी अडचण आहे. लहानशा बदलासाठीही जुनी माहिती व जुनी समता वाचणे आणि नवी माहिती व नवी समता लिहिणे अशा चार क्रिया कराव्या लागतात. शेवटच्या दोहोंमध्ये वीज गेल्यास समता खोटी ठरते. पण हे कळते ते पुढे एखादी तबकडी बिघडल्यावर, म्हणजे फार उशिरा. म्हणून चांगल्या नियंत्रकावर विद्युत् घटाचा आधार असलेली स्मृती ठेवू लागले. नोंद या स्मृतीत पोहोचताच डेटाबेसला होकार देता येतो, त्यामुळे वेगही बराच वाढतो. मात्र सर्व विश्वास आता तबकडीवरून एका कार्डावर व त्यावरील घटावर आला. घट काही वर्षांत क्षीण होतो; त्यामुळे नंतरच्या कार्डांत वीज जाताच स्मृतीतील माहिती फ्लॅश-स्मृतीत उतरविण्याची व त्यापुरती शक्ती संधारित्रातून पुरविण्याची योजना आली. तबकड्यांची स्वतःची लेखन-स्मृती चालू राहिली, तर हा सर्व खटाटोप व्यर्थ होतो.

विशेष म्हणजे बियांका श्रोडर यांच्यासह सु. एक लाख तबकड्यांचा अभ्यास करून गिब्सन यांनीच २००७ मध्ये दाखविले, की तबकड्या बदलण्याचे वार्षिक प्रमाण बहुधा २ ते ४ टक्के असते. उत्पादकांच्या पत्रकांवरून मात्र ते एक टक्क्याहूनही कमी यावयास हवे होते. एका संचातील बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतात, हे गृहीतही टिकले नाही. शिवाय १०^१४ बिटांमागे एक न वाचता येणारी चूक ही मर्यादा धरली, तर ती सु. १२.५ लक्ष कोटी बाइटांमागे एक येते, आणि मोठ्या तबकड्यांची पुनर्रचना करताना एवढे वाचन सहज होते. त्यामुळे दुहेरी समतेचा सहावा स्तर रूढ झाला. वारंवार लेखन होणाऱ्या डेटाबेससाठी मात्र जोडप्रतींचा संचच अधिक योग्य.

संचाची मांडणी नियंत्रक बहुधा आपल्या खास पद्धतीने तबकड्यांवर लिहितो. कार्ड जळाल्यास तबकड्या सुस्थितीत असूनही दुसऱ्या घराण्याच्या कार्डास त्या वाचता येतीलच असे नाही. सन कंपनीच्या झेडएफएस (२००५) सारख्या प्रणालींनी हे काम कार्डाकडून काढून संगणकाच्या आज्ञावलीकडे दिले व प्रत्येक खंडाची पडताळणीही केली. जेथे कार्डच वापरावयाचे तेथे त्याच घराण्याचे दुसरे कार्ड जवळ बाळगतात, आणि घट दुबळा होताच नियंत्रक आपण होऊन थेट तबकडीवर लेखन करू लागतो की नाही, याची खात्री खरेदीपूर्वीच करून घेतात.