आईची भीती आणि बाळाचे ठोके

मागच्या हिवाळ्यात एका डोहाळजेवणाला गेले होते. ओटी भरून झाली, पेढा की बर्फी हेही झालं, आणि फोटोंच्या गडबडीत होणाऱ्या आईचे डोळे एकदम भरून आले. नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती आणि तिच्या आईचा व्हिसा अडकला होता. एक काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नकोस गं, बाळाच्या काळजाला लागतं." मुलगी रडायची थांबली खरी, पण आता चेहऱ्यावर रडण्याऐवजी अपराधीपणा दिसू लागला. तीस वर्षं बाळंतपणं करूनही मला त्या वेळी चटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून हा लेख.

मुळात गर्भाचे ठोके ऐकू येतात हेच वैद्यकाला उशिरा कळलं. १८१८ साली जिनिव्हाच्या मेयर नावाच्या शल्यवैद्यानं पोटाला कान लावून ते ऐकल्याची नोंद आहे. पुढे १८२१ मध्ये पॅरिसला केर्गारादेक हे डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन गर्भजलाचा आवाज ऐकायला बसले होते. त्यांना ऐकू आली ती घड्याळासारखी टिकटिक, तीही आईच्या नाडीपेक्षा कितीतरी जलद! ठोक्यांच्या फरकावरून बाळाची प्रकृती ओळखता येईल का, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारून ठेवला होता.

आईच्या मनाचा प्रश्न मात्र शंभर वर्षांनी आला, आणि तो इथेच, अमेरिकेत, ओहायोतल्या यलो स्प्रिंग्ज या छोट्या गावात. फिलाडेल्फियाचे साबण कारखानदार सॅम्युअल फेल्स यांच्या पैशातून १९२९ मध्ये तिथल्या अँटिऑक कॉलेजात एक संस्था सुरू झाली. मुलांचा अभ्यास जन्मानंतर नव्हे, जन्माआधीपासून करायचा, अशी तिची कल्पना. प्रमुख होते डॉ. लेस्टर सॉन्टॅग. त्यांनी आणि सहकारी वॉलेस यांनी दारावरच्या विजेच्या घंटीची कळ वापरून आईच्या पोटावर ठेवलेली लाकडी चकती थरथरवली. बाळ हललं आणि ठोके वाढले. १९३५ साली त्यांनी गर्भवतीच्या सिगारेटचा बाळाच्या ठोक्यांवर होणारा परिणामही छापला. धूम्रपानाविरुद्ध कोणी ब्रही काढत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

आणि मग ती संध्याकाळ. अभ्यासात नाव असलेली, पहिलटकरीण असलेली एक तरुणी संस्थेच्या दारात आसऱ्याला आली. नवऱ्याचं मानसिक संतुलन बिघडलं होतं आणि तो तिला मारण्याची धमकी देत होता. पोटातलं बाळ इतक्या जोरानं लाथा मारत होतं की तिला दुखत होतं. सॉन्टॅगनी नोंद घेतली, तर हालचाल आधीच्या नोंदींच्या कित्येक पट. तिच्या आधीच्या नोंदी हाताशी होत्या, म्हणूनच तुलना करता आली.

स्पष्टीकरण जणू तयारच होतं. जोकिची ताकामिने यांनी शतकाच्या सुरुवातीला ॲड्रेनॅलिन वेगळं काढलं होतं. भीती आणि राग यांनी ते रक्तात उसळतं, हे हार्वर्डच्या वॉल्टर कॅनननी १९१५ च्या पुस्तकात मांडलं होतं. आई आणि बाळ यांच्यात मज्जातंतूचा धागा नाही. तेव्हा संदेश जात असणार तो रक्तातल्या रसायनांतून, असं सॉन्टॅगना वाटलं. अशी बाळं जन्मानंतरही चिडखोर आणि चळवळी असतात, असंही त्यांनी लिहिलं. इथून आईवरचा आरोप पांढऱ्या कोटात शिरला.

पण वार ही काही उघडी चाळणी नव्हे. तिच्यात ॲड्रेनॅलिन मोडून टाकणारी विकरं असतात. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक. त्याचा बराचसा भाग वार निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये बदलते आणि थोडाच पलीकडे जातो. मग परिणाम होतो कसा? एक वाट रक्तपुरवठ्याची. आईच्या रक्तातल्या ॲड्रेनॅलिनच्या कुळातल्या संप्रेरकांनी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाचा प्राणवायू घटतो. म्हणजे संप्रेरक पलीकडे न जाताही काम करतं. १९७५ मध्ये रोनाल्ड मायर्स यांनी माकडिणींवर प्रयोग केले, तेव्हा आई फार भेदरली की बाळाचे ठोके वाढण्याऐवजी मंदावलेले दिसले. अर्थात पकडून बांधलेल्या माकडिणीची दहशत आणि नवऱ्याच्या नोकरीची काळजी एका तराजूत घालता येत नाही. ही गोष्ट माझ्या व्यवसायातलेही पुष्कळ लोक विसरतात.

माणसांवर अर्थातच असं काही करता येत नाही. म्हणून गर्भवतींना कोडं घालण्यात आलं: 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापायचा आणि शाईचा रंग पटकन सांगायला लावायचा. कोलंबिया विद्यापीठातल्या २००० सालच्या अशाच एका छोट्या अभ्यासात मुळात जास्त चिंता करणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे ठोके वाढले, इतरांच्या बाळांचे वाढले नाहीत. जॉन्स हॉपकिन्सच्या जॅनेट डिपिएट्रो यांनी २००३ मध्ये १३७ स्त्रियांवर हेच कोडं वापरलं. बाळांच्या ठोक्यांतला चढउतार वाढला, पण हालचाल कमी झाली. यलो स्प्रिंग्जच्या अगदी उलट. शिवाय हा बदल इतक्या लगेच दिसला, की संप्रेरकांची वाट पाहायला वेळच नव्हता. बाळाला आईच्या छातीची धडधड किंवा आवाजातला बदल जाणवत असावा, असा एक तर्क आहे. आपला अभिमन्यूही ऐकूनच शिकला होता, नाही का?

त्याच डिपिएट्रोंनी पुढे मुलं दोन वर्षांची झाल्यावर ती तपासली. निरोगी, खाऊनपिऊन सुखी घरातल्या या आया होत्या. गरोदरपणी ज्यांना सौम्य ते मध्यम चिंता होती, त्यांची मुलं विकासाच्या चाचण्यांत मागे नव्हती, उलट किंचित पुढेच होती. हे २००६ साली प्रसिद्ध झालं. दीर्घकाळ चाललेला छळ, मारहाण किंवा खोल नैराश्य यांना हे लागू नाही. तिथे मदत लागते, आणि ती वेळेवर लागते.

मी त्या मुलीला दुसऱ्या दिवशी फोन करून एवढं सगळं सांगितलं नाही. रडायला आलं तर खुशाल रड, असं म्हटलं, आणि आईच्या व्हिसाचे कागद घेऊन शनिवारी घरी ये म्हणून सांगितलं.