जपानचे मंत्रिमंडळ कोणाला जबाबदार?

जपानला संसद नवी नाही. १८८९ साली मेजी सम्राटाने राज्यघटना दिली आणि १८९० साली पहिली संसद भरली. परंतु त्या घटनेप्रमाणे मंत्री जबाबदार होते ते सम्राटाला, लोकप्रतिनिधींना नव्हे, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. त्यातच १९०० साली असा दंडक घातला गेला की, लष्कर व आरमार या खात्यांचे मंत्री प्रत्यक्ष नोकरीतील सेनाधिकारीच असावेत. यातली मेख १९१२ साली उघड झाली. सैओंजी मंत्रिमंडळाने दोन नव्या लष्करी डिव्हिजनांना नकार देताच लष्करमंत्र्याने राजीनामा दिला, लष्कराने दुसरा माणूस दिला नाही, मंत्रिमंडळ कोसळले. १९१३ साली हा दंडक सैल झाला, पण १९३६ साली पुन्हा आवळला गेला. १९४० साली योनाई मंत्रिमंडळ त्याच फासात सापडले.

१९४७ च्या घटनेने तो फास तोडला. पंतप्रधान आता संसद निवडते. सर्व मंत्री मुलकीच असावे लागतात. प्रतिनिधिगृहाने अविश्वासाचा ठराव केला, तर दहा दिवसांत ते गृह विसर्जित व्हावे, नाहीतर मंत्रिमंडळाने पायउतार व्हावे.

म्हणून कोणत्याही देशाची संसद पाहताना आपण पहिला प्रश्न हाच विचारावा : मंत्रिमंडळाला खाली खेचण्याची सत्ता कोणाच्या हाती आहे?