तण कुणाचं, भाजी कुणाची?

मित्रांनो, इतिहास म्हटला की आपल्याला ताम्रपट आठवतात, शिलालेख आठवतात, राजांच्या लढाया आठवतात. मी आज तरोट्याचा इतिहास सांगणार आहे. हसू नका. तरोट्याच्या भाजीवर आपल्या किती पिढ्या जगल्या, ते कुठल्याच ताम्रपटावर कोरलेलं नाही.

माझा जन्म मराठवाड्यातल्या एका महारवाड्यातला. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. माय-बाप खडी फोडायला जायचे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. त्यांतली दोन माझी. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. त्या मिलोची भाकर घशाखाली उतरायची नाही. तिच्यासोबत काहीतरी ओलं लागायचं. उन्हाळ्यात चिंचेचा चिगूर, शेवग्याचा पाला, विहिरीच्या सांडपाण्यावर आलेली घोळ. पण खरी भूक पावसाबरोबर यायची. कारण पाऊस पडला तरी ज्वारी काही लगेच येत नाही. पेरल्यापासून कणीस हाती येईपर्यंत घरातलं मडकं रिकामंच. त्या रिकाम्या महिन्यांत पंधरा-वीस दिवसांत जमिनीतून वर येतो तो तरोटा. कुणी पेरत नाही, कुणी पाणी देत नाही.

एकदा मी मोठ्या तोऱ्यात घोळ खुडून आणली. मायनं ओटा बघितला.

"हे काय आणलं रे? देठ मोड बरं."

मोडला. पांढरं दूध आलं.

"ही दुधी हाय. घोळीला दूध नसतंय. घोळीचा देठ लाल, गुबगुबीत. पान जाड, चावलं की आंबूस."

मी म्हणालो, "मग पाथरीला बी दूध येतंय की. ती कशी खातो?"

माय म्हणाली, "पाथरीचं पान बघितलं का? कडा कातरल्यावानी, जमिनीला चिकटून पसरतंय. एका खुणेवर भाजी ओळखू नाही लेका. पान बघ, देठ बघ, वास घे, मंग चूल पेटव."

आता मला कळतं, की हे शास्त्र होतं. तरोट्याच्या देठावर पानांच्या तीन जोड्या असतात, टोकं गोल, शेवटची जोडी सगळ्यांत मोठी. सांज झाली की पानं मिटतात. त्याच्यासारखाच दिसणारा कासोदा असतो, पण त्याच्या जोड्या जास्त आणि पानांची टोकं अणकुचीदार. काटेमाठ आणि तांदुळजा लांबून सारखे. पानाच्या बेचक्यात काटा आहे की नाही, ते बोटानं बघायचं. कुर्डूला तुरे यायच्या आत खुडायचं. आणि नावावर भरवसा ठेवायचा नाही. आमचा तरोटा कोकणात टाकळा होतो. नाव गावाला बदलतं, पान बदलत नाही.

हे ज्ञान आमच्या बायांकडं आलं कुठून? कुणी ऋषी सांगून गेला नाही. ते खुरप्यातून आलं. दुसऱ्याच्या रानात दिवसभर वाकून निंदणी करायची. पिकात काय ठेवायचं, काय उपटायचं, हे ज्या हाताला रोज ठरवावं लागतं, तो हात प्रत्येक रोप ओळखतो. मालक ज्याला तण म्हणून फेकायला सांगायचा, ते माय ओट्यात घालायची. तिकडं तण, इकडं कालवण. पण तीच भाजी बांधावरून खुडली की मालक शिव्या द्यायचा. एकदा त्यानं मायच्या ओट्यातला तरोटा चिखलात सांडायला लावला. त्या रात्री आम्ही मिठाबरोबर भाकर खाल्ली.

याच्याही मागं जाऊ. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. ती हाक आमच्या गावात उशिरा पोचली, असं आजी सांगायची. आणि पुढं म्हणायची, "सोडलं. पण चुलीवर काय ठेवावं? मंग रानात गेलो." स्वाभिमानाची किंमत आमच्या घरात अशी मोजली गेली. इतिहासकार परिषदेचे ठराव लिहितात. दुसऱ्या दिवशी हंडीत काय शिजलं, ते कोण लिहिणार?

सरकारनं मात्र एकदा लिहून घेतलं होतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर, १९०२ साली गॅमी नावाच्या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञानं मुंबई इलाख्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचं टिपण छापलं. काम मोलाचं. पण त्या टिपणावर नाव गॅमींचं आहे. ज्यांनी ती पानं आधी उपाशी पोटी चाखून बघितली, त्यांचं काय?

आता शहरात रानभाजी महोत्सव भरतात. तरोट्याची भजी, कुर्डूचे पराठे. चांगलं आहे. पण आपण भुकेचं कौतुक करायचं नाही. माय तरोटा हौसेनं खात नव्हती. तिच्याकडं जमीन नव्हती म्हणून खात होती. भाजी गायरानात उगवते. आणि गायरान कुणाचं, हा प्रश्न दादासाहेब गायकवाडांनी १९५९ च्या आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत विचारला होता. आपल्या कित्येक गावांत तो अजून सुटलेला नाही. त्यात आता बांधावर तणनाशक मारतात. माय ज्याला कालवण म्हणायची, ते औषधानं जळून जातं. जे जळत नाही ते खाण्याजोगं राहत नाही. म्हणून खुडण्याआधी फवारणी झाली का, हे विचारणं ही आजची नवी खूण आहे.

कार्यकर्त्यांनो, एक काम करा. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया आहेत तोवर त्यांच्याबरोबर रानात जा. वही न्या. पान, देठ, वास, फूल, कधी खुडायचं, पाणी उकळून टाकायचं की नाही, सगळं लिहा. ऐकून लिहू नका, रोप हातात घेऊन लिहा. अर्धवट ओळखीवर काही खाऊ नका. ती भाजी कुणाच्या जमिनीवर उगवते आणि तिथं जायला कोण अडवतं, हेही लिहा.

आणि सांगणारीचं नाव आधी लिहा, भाजीचं नंतर. मी माझ्या वहीचं पहिलं पान तसंच सुरू केलंय.

जय भीम.