अ विरुद्ध ब : एका उरलेल्या डावाचा पूर्वरंग



स्नेहमेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत रविवारी सकाळी साडेसातला, पोहे-चहाच्याही आधी, एक ओळ छापली आहे : 'खो-खो (मुली) : दहावी अ विरुद्ध दहावी ब, १९९७.' यातल्या 'मुली' या शब्दाला आपल्या ग्रुपवर कोणीही हरकत घेतली नाही, हे विशेष. आपल्यातल्या दोघीतिघींच्या मुली आता कॉलेजात आहेत. स्मरणिकेच्या संपादकांनी मला फर्मावले, "सामन्यावर लिही, पण नुसती मस्करी नको, थोडा इतिहासही येऊ दे." म्हणून आधी इतिहास, मग अंदाज, आणि शेवटी एक जुना हिशेब.

इतिहासाची सुरुवात १९१४ पासून करते. त्या वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम पहिल्यांदा कागदावर बांधून घेतले. तोपर्यंत हा खेळ गावोगाव खेळला जाई, आणि प्रत्येक गावाचा नियम वेगळा असे. त्याच १९१४ मध्ये आपल्या अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. तिकडे युरोपात पहिले महायुद्ध पेटत होते आणि इकडे वऱ्हाडात दोन भाऊ पोरांना लाठी, मल्लखांब आणि कुस्ती शिकवत होते. पारतंत्र्याच्या काळात आखाडा म्हणजे केवळ दंडबैठकांची जागा नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

बावीस वर्षांनी, १९३६ मध्ये, बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने याच मंडळाचे पथक जर्मनीला गेले आणि तिथे कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके त्यांनी करून दाखवली. त्याच ऑलिम्पिकमध्ये १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला हॉकीत ८–१ ने हरवले. ते सगळ्यांना पाठ असते. अमरावतीची माणसे त्याच शहरात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत दम धरून दाखवत होती, हे मात्र आपल्यालाच कोणी सांगितले नव्हते. मला ते कळले तेव्हा मी पुण्यात नोकरीला लागले होते. मंडळाच्या फाटकासमोरून सायकलने इतक्या वेळा गेले, पण आत काय इतिहास आहे हे कधी विचारले नाही.

खो-खोची पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. महिलांची पहिली पुढच्या वर्षी, १९६०-६१ मध्ये, कोल्हापूरला झाली. म्हणजे नियम झाल्यापासून सेहेचाळीस वर्षांनी बायका राष्ट्रीय मैदानावर आल्या. आपल्या शाळेत तरी वेगळे काय होते? मैदान आधी मुलांच्या क्रिकेटला, मग मुलांच्या कबड्डीला, आणि साडेचारनंतर कडुनिंबाच्या बाजूचा तुकडा आपल्याला. चुन्याच्या रेषा आपणच आखायचो. आणि सामना मुलींचा असला तरी शब्द 'गडी बाद' हाच असायचा. त्याचे कोणाला काही वाटत नसे.

या खेळात विदर्भाचा आणखी एक मान आहे. राष्ट्रीय खो-खोत विदर्भ महाराष्ट्राच्या संघात नसतो. तो स्वतंत्र संघ म्हणून उतरतो. वेगळ्या विदर्भाची मागणी सभांमध्ये किती वर्षे चालू आहे ते तुम्ही जाणता. खो-खोच्या मैदानात ती केव्हाच मान्य झाली आहे.

पण वऱ्हाडातली खरी चुरस पुण्या-मुंबईशी नाही, ती अमरावती आणि अकोल्याची. दोन्ही गावे कापसाची आणि दोन्ही काळ्या मातीची. मे महिन्यात दोघांचे पारे पंचेचाळीसच्या पुढे जातात आणि कोणाचा जास्त चढला यावरही भांडण होते. मुंबई–नागपूर मुख्य रेल्वेमार्ग अकोल्याच्या दारातून जातो आणि आपल्यासाठी बडनेऱ्यावरून फाटा फुटतो. हे अकोलेकर आपल्याला लग्नाच्या पंगतीतही ऐकवतात. आपले उत्तर तयार असते : अकोल्याचे कृषी विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे ते डॉ. पंजाबराव देशमुख आमच्या पापळचे! त्यावर ते म्हणतात, "हाव, पण विद्यापीठ कोठी हाये?" इथे आपण गप्प बसतो.

आपल्या वेळी शालेय स्पर्धांची पायरी तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी होती. अमरावती विभागात तेव्हा चारच जिल्हे होते. वाशीम अकोल्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला, म्हणजे आपण शाळा सोडल्यानंतर. १९९६ मध्ये विभागीय सामने अकोल्याला होते. तिथे जायचे म्हणजे एसटीने मूर्तिजापूरमार्गे, गाणी म्हणत, डब्यात पोळी आणि ठेचा. त्या बसमध्ये बसता यावे म्हणून त्या पावसाळ्यात अ आणि ब तुकडीच्या मुली एकमेकींवर तुटून पडल्या होत्या.

ज्यांचे मैदान सुटून तीस वर्षे होत आली त्यांच्यासाठी नियमांची उजळणी. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पाटीवरच्या चौकांत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पळतो. पळणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही. दिशा बदलायची तर बसलेल्या मैत्रिणीला मागून हात लावून 'खो' म्हणायचे आणि स्वतः तिच्या जागी बसायचे. बचाव करणाऱ्या तिघी मात्र कशाही, कुठूनही पळू शकतात. म्हणजे एका बाजूला बंधने आणि नऊ जणींची एकी, दुसऱ्या बाजूला मोकळीक आणि एकटीचा दम. मी गेली वीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथेही काम एकमेकांकडे सोपवतात, पण हात न लावता आणि 'खो' न म्हणता. म्हणून रात्री दोनला फोन येतात.

आता खेळ बदलला आहे. २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग झाली, मॅटवर, दिव्यांच्या झोतात. आणि २०२५ च्या जानेवारीत, १३ ते १९ तारखेला, नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे हरवले. पुरुषांनीही नेपाळलाच ५४–३६ ने हरवून चषक घेतला. महिलांचा तो सामना मी घरी टीव्हीवर पाहिला. माझा मुलगा म्हणाला, "आई, तू हे खेळायचीस?" मी म्हटले, "हो, पण चिखलात."

आता रविवारचा अंदाज.

अ तुकडीची बाजू : आमची कर्णधार नागपुरात बँकेत आहे. रोज सकाळी पाच किलोमीटर चालते आणि त्याचा नकाशा ग्रुपवर टाकते. चालणे आणि पळणे यांतला फरक तिला रविवारी कळेल. चिखलदऱ्याकडच्या शाळेत शिकवणारी आमची मैत्रीण मात्र रोज चढ-उतार करते, तिच्यावर भिस्त आहे. खांबावर सूर मारणारी आमची वाघीण मणक्याचा पट्टा लावून येणार आहे. पट्ट्याला हात लागला तर बाद की नाही, हे पंचांनी आधीच जाहीर करावे. आणि मी दिवसाचे दहा तास खुर्चीत असते. बसलेल्या गड्याची जागा मला द्या, त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

ब तुकडीची बाजू : त्यांच्याकडे वरूडची संत्रा बागाईतदार आहे, जी अजूनही झाडावर चढते. एक परिचारिका आहे, रात्रपाळी करून थेट मैदानात येण्याची तिला सवय आहे. दोघी जुळ्या बहिणी आहेत, त्यांतली कोण बाद झाली हे तेव्हाही कळत नव्हते, आताही कळणार नाही. आणि त्यांची कर्णधार. तिला आपण महिनाभर विचारत होतो, ती उत्तर देत नव्हती. परवा रात्री ग्रुपवर तिचे दोनच शब्द आले : "येतो मी."

हे दोन शब्द वाचल्यापासून मला झोप नीट नाही. कारण इथून पुढचा इतिहास माझ्या एकटीकडे आहे.

ऑगस्ट १९९६. आंतरवर्गीय अंतिम सामना. सकाळी पाऊस होऊन गेलेला, काळी माती पायाला धरत होती, प्रत्येकीच्या चपला कडुनिंबाखाली. शेवटचा डाव ब चा पाठलाग होता. आम्ही एका गुणाने पुढे होतो, आणि आत उरले होते मी. कुंपणावरून पोट्टे ओरडत होते, "पय वं पोट्टे, पय!" ब च्या कर्णधाराने खांबाला वळसा घातला आणि सूर मारला. ती चिखलात पालथी पडली. त्याच क्षणी वेळ संपल्याची शिट्टी झाली. ती पडल्या पडल्या म्हणाली, "लागला, सर." सरांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली : नाही.

लागला होता. पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, चारही बोटे. आमचे सगळ्यांचेच कपडे चिखलाने भरले होते, त्यात तो ठसा वेगळा कोणाला दिसणार? सर, तुमची चूक नव्हती. तुमच्या बाजूला माझा चेहरा होता, पाठ नव्हती. आणि तुम्ही मुलींच्या शब्दावर विश्वास ठेवणारे होतात. घरी आईने ट्युनिक भिजवताना विचारले, "हा हात कोणाचा?" मी म्हटले, खेळताना लागला असेल.

मी खरे सांगितले असते तर बरोबरी झाली असती आणि जादा डाव झाला असता. जिंकलेही असतो कदाचित. पण शाळेच्या संघातली अकरा नावे आधीच पक्की होती. बारावे नाव तिचे की माझे, हे त्या सामन्यावर ठरणार होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझे नाव लागले. तालुका आणि जिल्हा आपण जिंकलो, त्यात माझा वाटा राखीव गड्याचा. अकोल्यात पहिल्या तुकडीत उतरायची वेळ आली आणि मी दीड मिनिटात बाद झाले. तिथल्या पंचांना सगळे दिसत होते. त्या सामन्यात आपण हरलो. परतीच्या बसमध्ये कोणी गाणी म्हटली नाहीत.

ती मला कधी काही बोलली नाही. दहावीनंतर तिचे खेळणे सुटले. ते माझ्यामुळे सुटले असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार मोठे करणे होईल. घरची कारणे तिची तिला माहीत. पण अकोल्याच्या त्या बसमध्ये खिडकीची एक जागा तिची होती आणि तिथे मी बसले होते, एवढे मला माहीत आहे. इंजिनिअरिंगला असताना, पुढे नोकरीत, मला चांगले काही मिळाले की कधीकधी ती चार बोटे आठवायची.

ग्रुपवर लिहिता आले असते. तिला फोन करता आला असता. पण ते नाकारणे मी सगळ्यांसमोर नाकारले होते, म्हणून कबूलही सगळ्यांसमोर करते. छापलेले पुसता येत नाही, म्हणून स्मरणिकेत करते.

संयोजकांना आणि पंच म्हणून उभे राहणाऱ्या सरांना एक विनंती आहे. रविवारी नवा सामना सुरू करण्याआधी १९९६ चा सामना पूरा करावा. गुणफलकावर बरोबरी लिहावी आणि राहिलेला जादा डाव आधी खेळवावा. नऊ मिनिटे आपल्याला झेपणार नाहीत, तीन पुरेत. पळायला मी उतरेन आणि पाठलागाला ती. बाकी आठ जणी बसा, बसायला कोणाची ना नसेल.

माझा अंदाज विचाराल तर ब जिंकेल. जादा डावात मी एका मिनिटाच्या आत बाद होईन, आणि मुख्य सामनाही त्या दोन-तीन गुणांनी नेतील. आमच्या कर्णधाराने हे वाचून मला संघातून काढले तरी जादा डाव माझाच आहे, हे लक्षात असू द्या.

काही सूचना. मैदान आता कोरडे असले तरी दगड वेचायला सव्वासातला या. गुडघ्याचे पट्टे आपापले आणा. मुलांनी (म्हणजे आपल्या वर्गातल्या, टक्कल पडलेल्या) कुंपणाबाहेरूनच ओरडावे. गिला वडा सामना संपल्यावरच मिळेल, आधी खाल्लेल्यांना खेळवले जाणार नाही.

आणि मी पांढरा कुर्ता घालून येते आहे.