ट्रंक कॉलची स्प्रिंग

गिटारमागे घुमणारा तो ओलसर पडसाद फेंडरने आणला, असं बहुतेक वादक सांगतात. १९६१ मधलं फेंडरचं रिव्हर्बचं खोकं, मग १९६३ मध्ये अँप्लिफायरच्या पोटातच बसलेली स्प्रिंग, की झाली गोष्ट. जाणकार आणखी मागे, हॅमंड ऑर्गनपर्यंत जातात. मी म्हणतो, हे कूळ टेलिफोनचं आहे.

लांबच्या ट्रंक लाइनवर आपलाच आवाज उशिरा परत येई आणि बोलणारा अडखळे. हा उशीर प्रयोगशाळेत तपासायचा, तर शेकडो मैल तार आणायची कुठून? बेल लॅब्जने तिच्या जागी स्प्रिंग घेतली. वेटोळ्यांतून लहर रेंगाळत जाते, त्यामुळे हातभर स्प्रिंग लांबलचक लाइनीचं काम करते.

लॉरेन्स हॅमंडचा ऑर्गन १९३५ मध्ये आला. गालिचे-पडद्यांच्या दिवाणखान्यात चर्चचा घुमारा कुठला? ती उणीव भरून काढायला त्याने बेलची स्प्रिंग उचलली. हा गृहस्थ घड्याळांचा कारखानदार. त्याच्या विजेच्या घड्याळांना चावीच लागत नसे. घड्याळातून स्प्रिंग घालवणाऱ्यानेच ती वाद्यात आणावी, हा मला योगायोग वाटत नाही. स्प्रिंगचे गुणदोष घड्याळवाल्याइतके कोण ओळखणार!

वाशीममधले माझे एक सारंगीप्रेमी स्नेही हे मानत नाहीत. त्यांच्या मते रिव्हर्बची आजी म्हणजे सारंगीची तरफ, म्हणजे तिच्या आपोआप झंकारणाऱ्या तारा. पण तरफेची तार जुळवलेल्या स्वरालाच साद देते. स्प्रिंगला स्वर निवडता येत नाही; जे येईल ते ती उशिरा परत करते, अगदी ट्रंक लाइनीसारखं.

घरी स्प्रिंग रिव्हर्ब बनवताना टेलिफोनशी असलेलं हे नातं हाताला कळतं. जुन्या हेडफोनच्या स्पीकरच्या मधोमध स्प्रिंगचं एक टोक चिकटवायचं, दुसरं बझरमधल्या पिझो चकतीला. इकडे बोलणारा, तिकडे ऐकणारा, मध्ये तार. वाशीमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत हे सामान जमतं. स्प्रिंग पत्र्याच्या डब्यात हलकीशी ताणून बसवा, आणि एकाऐवजी दोन घ्या, दोन्ही वेगळ्या. हॅमंडच्या दोन स्प्रिंगांच्या गाजलेल्या टँकमध्ये एकीचा उशीर सुमारे ३३ मिलिसेकंद, दुसरीचा ४१. दोन्ही सारख्या असल्या तर पडसाद एकाच ठेक्यात आपटतात, आणि घुमाऱ्याऐवजी पत्र्याची टणटण ऐकू येते. डबा रबरावर टांगा, नाहीतर पाय आपटला तरी अँपमधून गडगडाट होतो.